रान कोणी पेरले?

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे वक्ता बहुधा राजांपासून आरंभ करतो. गोंडांचा अंमल, मोगलांचा सुभा, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली, आणि शेवटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडावर बसलेला इंग्रजांचा कारभार, हा क्रम आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. आज आम्ही ज्यांचा इतिहास मांडणार आहोत त्यांचे नाव कोणत्या बखरीत नाही, ताम्रपटात नाही. सरकारी दप्तरात आलेच असले तर ते नुकसानीच्या रकान्यात आलेले आहे. खार, उंदीर, घूस, साळिंदर अशा लहानसहान जिवांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

प्रश्न साधा आहे. पांढरकवड्याकडे जाताना, घाटंजीच्या टेकड्यांवर, उमरखेडच्या बाजूस पैनगंगेच्या काठी जे रान दिसते त्यात साग आहे, धावडा आहे, सालई, मोह, चारोळी, टेंभुर्णी, बेहडा, आवळा आहे. एखादे शेत कोणी पेरले असे विचारले तर गावातला कोणीही मालकाचे नाव सांगेल. मग हे रान कोणी पेरले? ‘आपोआप उगवले’ हे उत्तर सोयीचे आहे, परंतु जगात आपोआप असे फारच थोडे घडते. झाड जागचे हलत नाही. त्याचे बी मात्र हलावे लागते; कारण आईच्या सावलीत पडलेल्या बियांना ऊन मिळत नाही, आणि तेथे किडीचा व रोगाचा मारा अधिक. बी दूर नेणारा कोणीतरी हवाच.

हा प्रश्न आपल्या राज्यकर्त्यांना फार काळ पडलाच नाही. वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले आणि थोड्याच वर्षांत, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद पडताच मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. कपाशीचे क्षेत्र वाढत गेले आणि काळ्या जमिनीवरचे झाडझाडोरे मागे हटले. १८६४ मध्ये सर्व हिंदुस्थानच्या जंगलांवर मुख्य अधिकारी म्हणून डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिज्ञ नेमला गेला. त्याच वर्षी आपला जिल्हा वेगळा झाला. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणत, आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडून तो यवतमाळ जिल्हा झाला. नव्या वनखात्याने मोजणी शिकवली: किती एकर, किती साग, किती घेर, किती वर्षांनी तोड. ही विद्या उपयोगाची होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिच्या हिशेबात झाडे होती, आणि झाडांवर उपजीविका करणारी माणसेही करापुरती होती; झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे जाते याचा रकाना नव्हता. उंदीर व खार यांची गाठ पडे ती रोपवाटिकेतील बी खाणारे चोर म्हणून.

तरीही कोणी पाहतच नव्हते असे नाही. जरा दक्षिणेकडे, धारवाडच्या मुलखात, वॉल्टर एलियट नावाचा एक मुलकी अधिकारी होता. इंग्रज त्या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत. तेथील सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. तिचे वैशिष्ट्य असे, की वाघ-बिबट्यांबरोबरच तिच्यात उंदरांनाही मानाचे पान मिळाले. तेथील लोकांच्या तोंडी असलेली कित्येक उंदरांची नावे त्याने टिपून घेतली. शेतातल्या एका घुशीला त्याने दिलेले लॅटिन नाव तर ‘पुढची तरतूद करणारी’ अशा अर्थाचे आहे. कारण उघड होते. ह्या घुशी सुगीच्या दिवसांत जोंधळ्याची कणसे बिळात नेऊन साठवीत, आणि वडार लोक ती बिळे खणून त्या धान्यावर आपल्या घरादाराचे पोट काही दिवस चालवीत. हे सर्व एलियटने नोंदविले आहे. माणूस घुशीच्या कोठारावर जगतो, ही नोंद दारिद्र्याची आहे तशीच ज्ञानाचीही आहे. कोणती घूस कोठे साठवते, हे वडारांना पुस्तकावाचून कळत होते. पुढे १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनात उंदरांनी उभ्या पिकांचा फडशा पाडला. त्यामुळे सरकारलाही उंदरांचा विचार करावा लागला. परंतु तो विचार संहाराचा होता.

झाड आणि उंदीर यांचा संबंध उलगडण्याचे श्रेय आणखी दोघांना द्यावयास हवे. १८५९ मध्ये डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात त्याने एका डबक्याच्या काठचा तीन चमचे चिखल घेऊन केलेला प्रयोग दिला आहे. वाळल्यावर तो चिखल भरला पावणेसात औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पावशेराच्या आत. आणि त्यातून ५३७ रोपे उगवली. पाणपक्ष्याच्या पायाला लागलेला चिखल किती वनस्पती वाहून नेत असेल, याचा त्यावरून अंदाज यावा. दुसऱ्या वर्षी, १८६० च्या सप्टेंबरात, अमेरिकेतील काँकॉर्ड गावी शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात हेन्री डेव्हिड थोरो याने व्याख्यान दिले. त्याच्या श्रोत्यांत आपल्यासारखीच गावची मंडळी होती. त्यांना पडलेले कोडे असे, की पाइनचे रान तोडले तर त्या जागी पाइनऐवजी ओक कसा उगवतो? लोक म्हणत, बी जमिनीत शतकानुशतके निजून असते. थोरोने सांगितले, तसे नव्हे. ओकची जड फळे खारी दरसाल पाइनच्या सावलीत आणून पुरीत असतात. पाइन तुटला, ऊन आले, की ती रोपे वर येतात. खारीने लावलेल्या बागेचे श्रेय आपण जमिनीला देत होतो. ते व्याख्यान आजही बीजप्रसाराच्या शास्त्रातला एक पायाचा दगड मानले जाते.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत हे शास्त्र पुष्कळ वाढले. आपल्या रानापुरते बोलावयाचे तर कोल्हा बोरे खाऊन आठोळ्या दूर टाकतो. अस्वल बहाव्याच्या शेंगा खाते आणि त्याच्या विष्ठेतून बी पडते. वटवाघूळ मोहाचे फळ व निंबोळी घेऊन दुसऱ्या झाडावर जाऊन बसते आणि गर चोखून बी खाली सोडते. उदमांजर जांभळाच्या बियांची वाहतूक करते. ह्या सर्वांना गर हवा असतो, बी नको असते; त्यामुळे त्यांचा व्यवहार सरळ आहे. उंदीर-खारींचे तसे नाही. त्यांना बियाच्या आतला मगजच हवा असतो. म्हणजे जो बी नेतो तोच त्याचा भक्षक. मग त्याने झाडाचे भले व्हावे कसे?

त्याचे उत्तर साठवण्याच्या रीतीत आहे. जगातील उंदीर-खारींत साठवणुकीच्या दोन रीती दिसतात. एक रीत पेवाची. सगळे धान्य एकाच खोल बिळात भरून ठेवावयाचे आणि त्याची राखण करावयाची. शेतातली घूस असे करते. पेवात गेलेले बी बहुधा मेलेच, कारण ते खोल असते आणि एकगठ्ठा असते. दुसरी रीत पुरचुंड्यांची. आपल्या आज्या गाठीचे पैसे एके ठिकाणी ठेवीत नसत. थोडे देव्हाऱ्यामागे, थोडे डाळीच्या डब्यात, थोडे लुगड्याच्या घडीत. त्याप्रमाणे काही प्राणी एकेक-दोनदोन बिया पालापाचोळ्याखाली, बोटभर मातीत, दूरदूर पुरून ठेवतात. त्यांतल्या बऱ्याच ते पुढे काढून खातात. पण काही विसरतात. काहींचा मालक घुबडाच्या किंवा धामणीच्या तोंडी पडतो. मागे राहिलेले बी नेमके रुजावयास लागते तेवढ्याच खोलीवर, आईच्या सावलीपासून लांब, पाखरांच्या नजरेआड पडलेले असते. १९९० मध्ये स्टीफन व्हँडर वॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या साठवणुकीवर एक मोठा ग्रंथच लिहिला. त्यातून ह्या दोन रीतींचा पसारा जगासमोर आला.

येथपर्यंतच्या सर्व इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. एलियट ‘घूस’ म्हणतो, थोरो ‘खार’ म्हणतो. म्हणजे एक खार म्हणजे सगळ्या खारी. एकीने जे केले ते सगळ्यांनी केले असे समजावयाचे. वस्तुतः जनावरांच्या बाबतीत असे न समजणारे लोक आपल्याच गावोगावी आहेत. बैलजोडीतला कोणता बैल नाल्याचे पाणी पाहून बुजतो आणि कोणता बेधडक पाय टाकतो, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तर बैलाला नाव असते आणि पोळ्याच्या दिवशी एकेकाची वेगळी कौतुके होतात. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण माणसांसाठी असली, तरी गोठ्यात ती रोज अनुभवास येते.

मोठ्या जनावरांना तर आपण दप्तरातही व्यक्ती म्हणून स्थान देतो. ह्याच जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसे मारल्याचा आळ जिच्यावर होता ती टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडची अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तिच्याविषयी वाद झाला, तो न्यायालयांपर्यंत गेला. त्या वादात सगळेच वाघ असे असतात असे कोणी म्हणाले नाही. ही एक वाघीण कशी आहे, एवढाच प्रश्न होता. पुढच्याच वर्षी टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाने सर्वांना चकित केले. १४८ चौरस किलोमीटरांच्या त्या लहानशा रानातून तो २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणाचा काही भाग ओलांडून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि त्याच्या गळ्यातील पट्ट्याने नोंदविलेली एकूण चाल पुढे सुमारे ३,००० किलोमीटर भरली. टिपेश्वरातले सगळेच वाघ असे चालत नाहीत. वाघाला एवढे मानणारे आपण, खारीला मात्र तिचा स्वभाव असतो हे कबूल करीत नाही.

शास्त्रालाही हे कबूल करावयास वेळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात पावलोव्हने आपल्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांचे स्वभावानुसार वर्ग पाडले होते, पण रानातल्या प्राण्यांकडे त्या दृष्टीने पाहण्याची चाल नव्हती. १९९३ मध्ये डेव्हिड स्लोन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तळ्यातल्या एका जातीच्या माशांची परीक्षा केली. पाण्यात सापळे ठेवले तेव्हा आपणहून आत शिरणारे मासे धीट निघाले. बुजरे मासे सापळ्याजवळ आलेच नाहीत, ते जाळे ओढूनच धरावे लागले. २००४ च्या सुमारास अँड्र्यू सी आणि त्यांचे सहकारी यांनी अशा निरीक्षणांना एका सूत्रात गोवले. प्राण्याच्या वागण्यातला हा फरक आजच्या भुकेचा किंवा उद्याच्या थंडीचा नसून त्याच्या जन्मभर टिकणाऱ्या कलाचा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सूत्र रानाच्या पेरणीला लावून पाहिले ते ॲलिसन ब्रेम आणि अलेस्सिओ मोर्टेल्ली यांनी, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात. त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तिकडचे रानउंदीर आणि आखूड शेपटीचे त्यांचे भाऊबंद पकडले. प्रत्येकाची परीक्षा घेतली. अंधाऱ्या पेटीचे दार उघडल्यावर तो बाहेर पडावयास किती वेळ घेतो? उघड्या, उजेडाच्या जागेत सोडला तर मध्यभागी जातो की भिंतीला चिकटून राहतो? हातात धरल्यावर धडपडतो की निपचित पडतो? एकाच प्राण्याची परीक्षा पुन्हा घेतली तरी उत्तर साधारण तेच येई. म्हणजे तो त्याचा स्वभाव होय. मग ओळखीच्या खुणा करून त्यांना रानात सोडले आणि तिकडच्या झाडांच्या बिया त्यांच्यापुढे मांडल्या. आढळले असे, की कोणत्या जातीचे बी उचलावयाचे, ते किती दूर न्यावयाचे, कोठे ठेवावयाचे, आणि लगेच खावयाचे की मागे ठेवावयाचे, ह्या प्रत्येक निर्णयात त्या एकेका प्राण्याच्या स्वभावाचा हात आहे. एकाच जातीचे दोन उंदीर; त्यांतला एक झाडाचा मित्र ठरतो आणि दुसरा शत्रू.

दुसरा निष्कर्ष आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे काम फारसे हात न लावलेल्या रानात आणि निरनिराळ्या रीतीने तोड झालेल्या रानांत चालले होते. रानाची ठेवण बदलली, की तेथे राहणाऱ्या उंदरांतले स्वभावांचे प्रमाणही बदललेले दिसले. म्हणजे आपण झाडे तोडतो तेव्हा फक्त झाडे कमी होत नाहीत. पुढची झाडे कोणत्या स्वभावाच्या हातांनी पेरली जाणार, हेही आपण नकळत ठरवितो. २०२० मध्ये पोलंडचे राफाल झ्वोलाक आणि वर उल्लेखिलेले अँड्र्यू सी यांनी ह्या विषयाचा समग्र आढावा घेतला, आणि २०२२ मध्ये ब्रेम व मोर्टेल्ली यांनी पुढचा निबंध लिहिला. त्याचे सार असे, की उंदीर आणि झाड यांची मैत्री जुळते की नाही हे बी कोणते आणि उंदीर कोणत्या स्वभावाचा, ह्या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते. सर्व बियांना उपयोगी असा एकच उत्तम उंदीर नाही. धीट हवा, भित्राही हवा.

आता मेनमधून यवतमाळात परत येऊ. येथील रान सलग राहिलेले नाही. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या विस्तीर्ण शेतांत त्याची बेटे झाली आहेत. दोन बेटांमधली उघडी पट्टी ओलांडण्याची छाती प्रत्येक खारीला किंवा उंदराला नसते. ती ओलांडणारा तोच बी पलीकडे नेऊ शकेल. पण उघड्यावर घार, मांजर आणि गावचे कुत्रे हेही त्यालाच आधी गाठणार. उलट रानाच्या काठाशी बिळाजवळच वावरणारा भित्रा उंदीर जिवंत राहील, पण त्याने पुरलेले बी बेटाच्या आतच राहील. टिपेश्वरच्या वाघाची वाट आपण उपग्रहाने पाहिली. पुरलेल्या चारोळीची वाटही तशीच कोणा एका जिवाच्या धाडसावर अवलंबून असते, असे अनुमान वरील प्रयोगांवरून करणे गैर होणार नाही.

ह्या अनुमानाचा एक पुरावा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात आहे. शेतातल्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड धान्यात मिसळून ठेवतात. ते नवे अन्न पाहताच तोंड लावणारे प्रथम मरतात. ज्यांनी थोडेसेच चाखले आणि जे आजारी पडून वाचले, ते पुन्हा त्या आमिषाच्या वाटेस जात नाहीत. म्हणून तर विषाच्या आधी दोन-तीन दिवस साधे धान्य ठेवून उंदरांना सवय लावावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणजे उंदीर मारण्याच्या शास्त्राने स्वभावभेदाची दखल केव्हाच घेतली आहे. रान वाढविण्याच्या शास्त्राने ती आता घ्यावयाची आहे. बांधावर, नाल्याकाठी, रानाच्या कडेला सरसकट विष ठेवले तर आपण धीट उंदरांची पिढी वेचून काढतो आणि संशयी उंदरांची मागे ठेवतो. पिकाची राखण त्याने थोडे दिवस होते. रानाची पेरणी मात्र एका हाताला मुकते.

आम्ही उंदरांची आरती ओवाळीत आहोत, असे कोणी समजू नये. घुशीने पोखरलेल्या बांधाचे आणि कुरतडलेल्या बोंडांचे दुःख शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे, आणि शेतात त्यांचा बंदोबस्त करणे त्याचा हक्क आहे. पण शेत आणि रान यांचा न्याय एक नाही. शेतात आपल्याला एकाच जातीचे, एका उंचीचे, एकदम पिकणारे पीक हवे असते. ती दृष्टी गेल्या दीडशे वर्षांत आपण रानावर लादली, आणि सागाच्या ओळी लावून त्यांना जंगल म्हणू लागलो. ओळीने लावलेल्या सागात चारोळी नाही, आवळा नाही, टेंभुर्णी नाही. मग तेथे खारीने राहावे कशाला आणि पेरावे काय?

रामाच्या सेतूला वाळूचे कण आणणाऱ्या खारीची कथा आपल्याकडे घरोघर सांगतात, आणि अल्पस्वल्प मदतीला ‘खारीचा वाटा’ म्हणतात. त्या म्हणण्यात विनय आहे, पण हिशेब चुकलेला आहे. रानाच्या पेरणीत खारीचा वाटा अल्प नाही, आणि तो सर्व खारींचा सारखाही नाही. कोणा एकीचा मोठा, कोणा एकीचा शून्य. आणि कोणती कोणत्या बियांसाठी मोलाची, हे आधी सांगता येत नाही. ज्या गोष्टीतले कोणते अंग उद्या उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, तिची सर्व अंगे राखणे हाच शहाणपणा. त्यासाठी फार मोठे काही करावयास नको. बांधावरचा मोह आणि जुना आंबा उभा राहू द्यावा. दोन रानांमध्ये नाल्याच्या काठची झुडपे साफ करू नयेत, म्हणजे भित्र्यालाही आडोशाने जाता येईल. चारोळी काढताना फांद्या न छाटता पिकलेली फळेच वेचावी आणि काही झाडावर ठेवावी. विष शेताच्या आत, बिळाच्या तोंडाशी ठेवावे. रानाच्या कडेला नको.

वणी जिल्ह्याच्या काळापासून आजवर ह्या मुलखाची मोजणी अनेकांनी केली. जमीन मोजली, कापूस मोजला, साग मोजला, अलीकडे वाघही मोजले. पेरणारे मोजावयाचे राहिले आहेत. ते मोजताना डोकी मोजून भागणार नाही. त्यांचे स्वभावही पाहावे लागतील.